नरनाळ्याचा वळसा

"तुमच्या विदर्भात डोंगर असतात का रे?"

हा प्रश्न मला पुण्यात आल्यापासून किती वेळा विचारला गेला, याचा हिशोब ठेवला असता तर एव्हाना त्याचा छानसा आलेख झाला असता. विचारणारा बहुतेक वेळा सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी उभा असतो. वीकांताला कुठल्यातरी गडावर जाऊन आलेला असतो, पोटऱ्या दुखत असतात आणि मोबाइलमध्ये ढगांचे एकशेचाळीस फोटो असतात. त्याच्या डोक्यातला विदर्भ म्हणजे ऊन, संत्री, कापूस आणि नागपूर. (नागपूर आणि अकोल्यात अडीचशे किलोमीटरचं अंतर आहे हे सांगून झालं, आता सोडून दिलंय.)

असतात बाबा डोंगर. आणि असे असतात की तुमच्या कळसूबाईच्या शिडीपाशी रविवारी सकाळी जी रांग लागते ना, तिच्यात उभं असताना मला त्यांची फार आठवण येते. १६४६ मीटर उंचीवर, महाराष्ट्राच्या सर्वोच्च ठिकाणी पोचायचं आणि तिथे काय ऐकायचं, तर कुणाच्यातरी ब्लूटूथ स्पीकरवरचं गाणं. चालायचंच. मीही त्याच गर्दीतला एक, त्यामुळे नाक मुरडण्याचा फार हक्क नाही. पण आज लिहायचंय ते नरनाळ्याबद्दल. आणि खरं सांगायचं तर लिहावं की न लिहावं, यावर दोन आठवडे घातलेत.

अकोल्याहून अकोटकडे निघालं की रस्ता सरळसोट, सपाट. दोन्हीकडे काळी जमीन, कपाशी, तूर, हरभरा. गांधीग्रामला पूर्णा ओलांडायची. हा सगळा खारपाणपट्टा. इथल्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की थुंकून टाकावं लागतं. जुन्या कागदपत्रांत या सखल वऱ्हाडाला पयनघाट म्हणतात. अकोट जवळ आलं की समोर उत्तरेला, आडवी रेघ मारावी तसा सातपुडा दिसायला लागतो. पायथ्याच्या टेकड्या वगैरे काही प्रस्तावना नाही. सपाट, सपाट, सपाट आणि मग एकदम भिंत. त्या भिंतीवर, अकोटपासून वीसेक किलोमीटरवर, पोपटखेडमार्गे शहानूरला गेलं की वर नरनाळा. उंची साधारण तीन हजार फूट. तुलनेत फार नाही, मान्य. पण हा एक गड नाही, तीन आहेत: मधला मोठा नरनाळा, पूर्वेला जाफराबाद, पश्चिमेला तेलियागड. एकाच डोंगराच्या अंगावर तीन शर्ट चढवल्यासारखे. तट कड्याच्या काठाकाठाने वळणं घेत जातो, आणि तो सगळा पायी फिरायचा म्हटलं तर एक दिवस पुरत नाही.

मी तो पहिल्यांदा फिरलो डिसेंबर १९९६ मध्ये. वय पंधरा. मामा अकोटला शाळेत शिक्षक होते, आणि नाताळच्या सुट्टीत आलेल्या भाच्यांना कामाला लावणं हा त्यांचा छंद होता. एकदा रात्री जेवताना म्हणाले, "उद्या पाचले उठा. नरनाय्ले जाऊ." आम्हाला वाटलं जीपने. कसची जीप! एसटीने आणि मग पायी. मामींनी रात्रीच रोडगे करून ठेवलेले, सोबत वांग्याची भाजी डब्यात, कांदे, आणि गुळाचा खडा.

सकाळी सातला शहानूर सोडलं. जुनी वाट दरवाज्यांमधून चढते. आधी शहानूर दरवाजा, त्याच्यावर शरभ कोरलेले. मग मेहंदी दरवाजा. मग, दमछाक होऊन जीभ बाहेर आलेली असताना, एकदम महाकाली दरवाजा. हा दरवाजा मी तेव्हा नीट पाहिला नाही. पंधराव्या वर्षी कोण दरवाजे पाहतं? पण नंतर जेव्हा पाहिला तेव्हा मात्र अर्धा तास तिथून हललो नाही. फिकट दगडाचा, कमळं कोरलेली, दोन्ही अंगांना जाळीदार सज्जे, आणि वर दगडात उठावाने कोरलेली अरबी अक्षरं, एकमेकांत गुंतलेली. १४८७ साली फतहउल्ला इमाद-उल-मुल्कने बांधला. हा फतहउल्ला बहमनींचा वऱ्हाडचा सुभेदार. पुढे तीनच वर्षांत तो स्वतंत्र झाला आणि अचलपूरची इमादशाही सुरू झाली. म्हणजे दरवाज्यावर नाव मालकाचं लिहायचं आणि मनात स्वतःच्या कंपनीचा प्लॅन करायचा, हे काही आपल्याच क्षेत्रात सुरू झालेलं नाही.

वर पोचलो तेव्हा दहा वाजले असतील. आम्ही भाऊ-बहिणी मटकन बसलो. धाकटा म्हणाला, "मामा, झालं ना? आता उतरायचं?"

मामांनी जे उत्तर दिलं ते मला अजून आठवतं. "आलो त्या वाटेनं उतरला तर गड अर्धाच पाह्यला लेका. पुरा वळसा घालाचा."

आणि घातला. कसा घातला ते आमच्या पायांनाच माहीत. शक्कर तलाव, राणी महाल, तिथून तटाला धरून कड्याच्या काठाने. तट कुठे धड, कुठे ढासळलेला, कुठे त्याच्यातून सागाचं झाड वर आलेलं. गवत कमरेपेक्षा उंच, त्यात कुसळं. घाणेरीच्या जाळ्या अशा की वाकून, रांगून, शर्ट फाडून पलीकडे जायचं. एका ठिकाणी तट सरळ दरीत तुटलेला, म्हणून अर्धा तास आत वळून पुन्हा काठावर. दोनदा वाट चुकली. बहिणीच्या चपलेचा अंगठा तुटला तो मामांनी पळसाच्या मुळीच्या दोरीने बांधला. नऊगजी तोफेपाशी रोडगे खाल्ले. ही तोफ कड्यावर दक्षिणेकडे तोंड करून पडलेली आहे. तिच्यावर बसलं की खाली सगळा पयनघाट. मामा बोटाने दाखवत होते, हे अकोट, ते तिकडे अकोला, ही पूर्णेची रेघ. आम्ही माना डोलावत होतो. खरं म्हणजे एक धुरकट पिवळं समुद्रासारखं काहीतरी दिसत होतं, बस.

मग मामा म्हणाले, आता दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. शिक्षकी खोड. आम्ही गप्प बसलो. वारा. खालून कुठूनतरी गुरांच्या घंटा. लांब कुठेतरी लाकूड तोडल्याचा आवाज, आणि तो ऐकू येईपर्यंत मधला एक क्षण. आणि कोरकू बाया मोळ्या घेऊन जाताना आपापसात बोलत होत्या, ते शब्द कळत नव्हते पण सूर कळत होता.

या घंटा आणि हा सूर लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

साडेचारला आम्ही शहानूरला परत आलो, दुसऱ्या बाजूच्या वाटेने. नऊ-साडेनऊ तास. दुसऱ्या दिवशी कुणालाही जिना उतरता येत नव्हता.

त्यानंतर पुण्यात वीसेक वर्षांत बरेच डोंगर चढलो, आणि माझं एक मत पक्कं होत गेलं. ते असं की वर जाऊन त्याच वाटेने खाली येणं हा डोंगर पाहण्याचा सर्वांत आळशी प्रकार आहे. ते म्हणजे फंक्शन कॉल आणि रिटर्न. ज्या पायऱ्या चढलात त्याच उलट्या क्रमाने उतरता, डोकं वापरायचं कारण नाही, माथ्यावर पोचलात की काम फत्ते, उरलेलं सगळं नुसतं आवरतं घेणं. माथा हाच एकमेव मुद्दा होऊन बसतो. म्हणून तर सगळे माथ्यावर गर्दी करतात. वळशाच्या वाटेत तसं होत नाही. तिथे माथा मध्ये कुठेतरी येतो आणि जातो. पुढचं वळण काय आहे माहीत नसतं. आणि शेवटी जिथून निघालात तिथेच येता, पण दुसऱ्या अंगाने.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्याकडे डोंगराशी वागायची जुनी रीत हीच आहे. त्र्यंबकेश्वरला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखो लोक ब्रह्मगिरीची फेरी करतात, माथ्यावर झेंडा लावायला जात नाहीत. कैलासावर कोणी चढत नाही, परिक्रमा करतात. माथा गाठणं, तो "सर" करणं, त्याचा टाइम लावणं, हे बऱ्यापैकी युरोपातून आलेलं आहे. वाईट आहे असं नाही. पण तेवढंच आहे असंही नाही. आमच्या भागात तर आगगाडीलासुद्धा वळसा घातल्याशिवाय सातपुडा चढता आला नाही. अकोला-खंडवा मीटरगेज २०१७ पर्यंत धावत होती. धूळघाटापाशी ती गोल फिरून स्वतःच्याच रुळावरून पलीकडे जायची. लहानपणी खिडकीतून मघाचा रूळ खाली दिसला की आम्ही टाळ्या वाजवायचो. (आता अकोल्याहून अकोटपर्यंत ब्रॉडगेज आहे, २०२२ पासून. पुढची वाट मेळघाटातून न्यावी की बाहेरून, यावर बराच वाद झाला. राज्य सरकारने बाहेरून न्या असा आग्रह धरला. माझं मत? बाहेरून. पण ती गोल फेरी गेली याचं वाईट वाटतंच.)

तर या जानेवारीत मी परत गेलो. मामा आता पंचाहत्तरीला आलेत. गुडघे गेलेत, मामी चार वर्षांपूर्वी गेल्या. अकोटच्या घरात ते एकटेच असतात. मी फोनवर सहज म्हटलं, येऊ का, नरनाळ्याला जाऊ. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग, "गाडी आणजो. पायी नाई होत आता."

१९९६ आणि आजच्यात फरक काय पडला? पहिला म्हणजे १९९७ मध्ये नरनाळा अभयारण्य झालं. मेळघाट व्याघ्र प्रकल्प त्याआधीचा, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक, १९७४ चा. आता नरनाळाही त्याच्याच कारभारात येतो. शहानूरच्या गेटवर नोंद करायची, फी भरायची, गाइड घ्यायचा, सूर्यास्ताच्या आत बाहेर. गाडी डांबरी रस्त्याने थेट वर जाते. दरवाजे अर्धवट खिडकीतून दिसतात, जसं मुंबईला जाताना लोहगड दिसतो.

माझी पहिली प्रतिक्रिया अगदी टिपिकल होती. मनातल्या मनात चिडचिड. जिथे मी पंधराव्या वर्षी रांगत फिरलो तिथे आज मला पावती फाडून कारमधून जायचं? पण जरा शांत डोक्याने विचार केला तर हे बरोबरच आहे. वाघ आहे, अस्वल आहे, गवे आहेत. गवतातून पाच पोरांना घेऊन जाणारे मामा आज मला थोर वाटतात तितकेच बेजबाबदारही वाटतात. (हे त्यांना सांगितलं. हसले.) शिवाय वनपिंगळ्यासारखा पक्षी, जो १८८४ नंतर शंभरावर वर्षं कुणाला दिसलाच नाही आणि १९९७ मध्ये नंदुरबारकडे सापडला, तो मेळघाटात टिकून आहे. का टिकून आहे? कारण आपण तिथे दर रविवारी स्पीकर घेऊन जात नाही. त्यामुळे जंगल बंद ठेवण्याविरुद्ध माझी तक्रार नाही. हा लेख त्या दिशेने चाललाय असं वाटत असेल तर गैरसमज आहे.

वर पोचल्यावर मामांना शक्कर तलावाच्या काठावर खुर्ची टाकून बसवलं. गाइडला म्हटलं, थोडं तटाने चालून येऊ का? तो म्हणाला, तोफेपर्यंत चला, पुढं नाही. पस्तिशीचा असेल. चालताना विचारलं, इथलाच का?

"वरचा. दोन घाट पल्याड. गाव उठलं ना आमचं."

मेळघाटातून गावं उठवण्याचं काम शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंडपासून सुरू झालं. मग पुढच्या पंधरा वर्षांत नागरतास, अमोना, बारूखेडा, धारगड, सोमठाणा, गुल्लरघाट, केलपाणी अशी एकेक गावं सपाटीवर अकोट-तेल्हाऱ्याकडे आली. चिखलदऱ्याकडचं वैराटही. कायदा सांगतो की हे ऐच्छिक असलं पाहिजे, ग्रामसभेची संमती पाहिजे, आधी वनहक्क निश्चित झाले पाहिजेत. कुटुंबामागे १० लाख, २०२१ पासून १५ लाख. कागद चोख आहे. आणि दुसरीकडे हेही खरं की जानेवारी २०१९ मध्ये, खाली जमीन नाही, सोयी नाहीत, आजारपणं आणि मृत्यू वाढले असं म्हणत काही पुनर्वसित कोरकू कुटुंबं परत जंगलात गेली, आणि केलपाणी-गुल्लरघाट भागात त्यांच्यात आणि वनकर्मचारी-पोलिसांत मोठा संघर्ष झाला. दोन्हीकडची माणसं जखमी झाली. पुण्याच्या पेपरात तेव्हा कोपऱ्यात बातमी होती. मी ती वाचली होती आणि पान उलटलं होतं.

मी विचारलं, बरं आहे का खाली?

त्याने जे सांगितलं त्यात नाटक नव्हतं. पोरगी अकोटला शाळेत जाते, ते वर जमलं नसतं. दवाखाना जवळ आहे. पैसे आले त्यातले बरेच मोटरसायकल, लग्न, उधारी यांत गेले, थोडे बँकेत आहेत. आईला मात्र खाली करमत नाही, ती उन्हाळ्यात मोहाचा वास येतो म्हणते, आणि तो येत नाही. "तुमी फिराले येता साहेब. मी ड्युटीवर येतो. पन रोज दिसते ना." एवढं बोलून त्याने हाताने लांबचा एक डोंगर दाखवला. मला सगळे डोंगर सारखेच दिसले.

तोफेपाशी बसलो. दहा मिनिटं गप्प बसायची मामांची रीत पाळली. आणि लक्षात आलं की शांतता आहे, पण १९९६ पेक्षा जास्त आहे. वारा तोच. घंटा नाहीत. कुऱ्हाड नाही (चांगलंच आहे). त्या बायांचं बोलणं नाही.

इथे मला माझं मत मांडायचंय आणि ते थोडं अवघड आहे. आपल्याला, म्हणजे तुम्हाआम्हाला, पगारदार, शहरी, वीकांताला निसर्ग हवा असणाऱ्यांना, शांत माथा फार आवडतो. आपण त्याला "अस्पर्शित" म्हणतो. नरनाळा कधीच अस्पर्शित नव्हता. आईने अकबरीत तो वऱ्हाड सुभ्याचा एक सरकार आहे. बहमनी, इमादशाही, मुघल, भोसले, सगळे इथे नांदले. १८०३ च्या नोव्हेंबरात खाली अडगावला वेलस्लीने भोसल्यांना हरवलं, डिसेंबरात गाविलगड घेतला, आणि तरीही देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला पण गाविलगड आणि नरनाळा हे दोन गड स्वतःकडे ठेवले. इतके ते मोलाचे होते. आणि या सगळ्यांच्या आधीपासून, मध्ये आणि नंतर, कोरकू होते. माथा आज शांत आहे कारण तिथून माणसं वजा केली आहेत. काही वजाबाकी वेळेने केली, काही आपण. जी आपण केली तिचं बिल आपल्याला आलेलं नाही. ते त्या गाइडच्या आईला आलं.

यावर मित्र म्हणतात, मग काय वाघ मरू द्यायचे? नाही. गावं उठल्यावर जुन्या शेतांची कुरणं झाली, हरणं-सांबर आले, हेही खरं आहे, आणि ते मला आवडतं. ज्यांना खाली यायचं होतं त्यांच्यासाठी खाली येणं हा विजय असू शकतो. शाळा-दवाखान्याचा हक्क जंगलाच्या रोमान्सपेक्षा मोठा आहे, आणि "आदिवासींनी जंगलातच राहावं" हे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा तिसऱ्या मजल्यावर एसीत बसलेला असतो. माझा मुद्दा एवढाच आहे की ज्या जंगलातून माणसांना पायी चालायची बंदी होते, त्याच जंगलात माझ्या डिझेल गाडीला पावती फाडून वरपर्यंत जाता येतं. मी गेलो, मीच दोषी. पण ही व्यवस्था उलटी आहे. गाडीने येणारा जास्त आवाज करतो, जास्त धूर करतो, कमी पाहतो आणि दोन तासांत निघून जातो.

माझ्या मते हिवाळ्यातले मोजके दिवस ठरवावेत. दिवसाला दोन तुकड्या, एका तुकडीत दहा माणसं, आधी नाव नोंदवून चिठ्ठी टाकून. गाडी शहानूरला. जुन्या दरवाज्यांच्या वाटेने वर, तटाचा जेवढा भाग वनखात्याला सुरक्षित वाटतो तेवढ्याचा वळसा, दुसऱ्या अंगाने खाली. प्रत्येक तुकडीबरोबर दोन वाटाडे, आणि ते उठलेल्या गावांमधले, चांगल्या मजुरीवर. बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसायला मोजक्या लोकांना घेतातच की, तशीच शिस्त. हे अशक्य नाही. वर्षातून एकदा श्रावणात धारगडच्या महादेवाला हजारो लोक याच जंगलातून जातात, आणि अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर कावडीत घेऊन राजराजेश्वरापर्यंत रात्रभर अनवाणी चालणारी पोरं हजारोंनी आहेत. वऱ्हाडी माणसाला चालता येत नाही असं कुणी म्हणू नये. देवासाठी चालतो, डोंगरासाठी चालवायचा राहिलाय.

तोटे? आहेत. दहाचे वीस होतील, वीसचे दोनशे, मग कुणीतरी आमदार रोपवे मागेल. म्हणूनच लिहावं की नाही हा प्रश्न होता. सह्याद्रीत आपण काय केलं ते मी पाहिलंय, त्यात माझाही हात आहे. एकेका "गुप्त" धबधब्याचं वर्णन मीच मित्रांना रंगवून सांगितलंय आणि तीन वर्षांनी तिथे पोलिसांचा बंदोबस्त पाहिलाय. पण न लिहिण्यातही एक लबाडी आहे. शांत जागा मला माहीत आहे आणि मी ती कुणाला सांगणार नाही, हा जमीनदारी थाट झाला. ती जागा माझी कधी नव्हतीच.

आणि ज्यांना खरोखर जायचंय त्यांच्यासाठी: नियम बदलतात, आधी विचारून जा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी. गाइडला पावतीवरच्यापेक्षा जास्त द्या. महाकाली दरवाज्यापाशी गाडीतून उतरा आणि निदान तेवढा तरी उंबरा पायांनी ओलांडा. चिखलदऱ्याकडून जाणार असाल तर गाविलगड आणि वैराट. वैराट ११७८ मीटर, त्या डोंगरांतली सर्वांत उंच जागा. तिथली शांतता आणखी गडद आहे. गाव कुठे होतं ते विचारून घ्या.

परत आलो तेव्हा मामा तलावाकडे बघत बसले होते. या तलावाच्या दोन गोष्टी ते आम्हाला लहानपणी सांगायचे. एक, याच्या तळाशी परीस आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात तलाव आटला तेव्हा लोकांनी शोधला, मिळाला नाही. मामांचं म्हणणं, मिळाला असेल पण सांगितला नसेल. दुसरी, इथे बाघ सवार वली म्हणून वाघावर बसून फिरणारे एक सत्पुरुष होऊन गेले. पिसाळलेलं कुत्रं चावलेला माणूस गडावर यायचा, गूळ-फुटाणे खायचा आणि उतरताना मागे वळून पाहायचं नाही अशी अट. पाहिलं तर गुण येत नाही. (आज कुणाला चावलं तर सरळ सरकारी दवाखाना आणि रेबीजची लस, हे मामा स्वतःच शेवटी जोडतात. शिक्षक.)

"घातला का वळसा?" त्यांनी विचारलं.

"अर्धा. तोफेपर्यंतच."

"मंग अर्धाच पाह्यला."

मी काही बोललो नाही. गाइडने आणि मी मिळून त्यांना उठवलं. महाकाली दरवाज्यापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. काठी टेकत उतरले. गाइडच्या खांद्याला धरून दरवाज्यातून चालत पलीकडे गेले, पंधरा-वीस पावलं असतील, त्याला पाच मिनिटं लागली. मी गाडी हळूहळू पुढच्या वळणावर नेऊन थांबवली. आरशात पाहिलं तर दोघे उभे, आणि मामा मान पूर्ण वळवून वर दरवाज्यावरची अक्षरं बघत होते.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "मामा, मागे वळून पाहिलंत. चालत नाही ना ते?"

"मले कुत्रं थोडीच चावलं," ते म्हणाले, आणि मागच्या सीटवर बसलेला गाइड एवढ्या जोरात हसला की शहानूरचं गेट येईपर्यंत त्याचं हसू थांबेना.